चिपीचा विमानतळ अरबी समुद्रात कसा गेला?

माझी मावशी मूळची सिंधुदुर्गातल्या परुळ्याची, आता राहते डोंबिवलीत. दर वर्षी गणपतीला ती गावी जाते म्हणजे जातेच. एका वर्षी गुडघे फार दुखत होते, म्हणून तिने ठरवलं की या वेळी रेल्वे नको, विमानाने जवळच्या चिपीला उतरायचं. पर्यटनाच्या एका पानावर तिला हवं ते सगळं सापडलं: रोज सकाळी मुंबईहून विमान, विमानतळापासून मालवण इतके किलोमीटर, धावपट्टी इतकी लांब. तिने घरच्या सगळ्यांना कळवून टाकलं. तिकीट काढायला बसलो तेव्हा त्या तारखेला असं विमानच नव्हतं. पानावर ते कधी लिहिलं याची तारीखही नव्हती. खाली नकाशा दिला होता. मी त्यावर बोट ठेवून मोठा केला, तर विमानतळाची खूण थेट अरबी समुद्रात.

तो समुद्रातला विमानतळ माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून पाटी-पेन्सिल घेऊन बसलो. चूक इतकी साधी होती की सापडल्यावर थक्कच झालो.

चिपीचा विमानतळ सुमारे १६ अंश उत्तर अक्षांश आणि ७३ अंश ३२ मिनिटं पूर्व रेखांश इथे आहे. ही मिनिटं घड्याळासारखी असतात, ६० मिनिटांचा एक अंश. नकाशाच्या अ‍ॅपला मात्र बहुतेक वेळा दशांशात आकडा लागतो. ३२ मिनिटं म्हणजे ३२ भागिले ६०, म्हणजे ०.५३. त्यामुळे दशांशात रेखांश झाला ७३.५३. कुणीतरी भागाकार न करता मधलं चिन्ह तेवढं बदललं आणि ७३.३२ लिहिलं. फरक दिसायला एवढासा, ०.२१ अंश. पण आपल्या कोकणच्या अक्षांशावर एक अंश रेखांश म्हणजे जवळजवळ १०७ किलोमीटर. म्हणजे विमानतळ २२-२३ किलोमीटर पश्चिमेला सरकला, आणि चिपीच्या सड्यापासून, म्हणजे पठारापासून, किनारा तेवढा लांब नाही. अक्षांश जवळपास पूर्ण १६ असल्यामुळे त्यात ही चूक दिसलीच नाही. दोन्ही आकडे बिघडले असते तर कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. एकच बिघडला म्हणून तो टिकला.

तेव्हापासून मी लहान विमानतळांची छापील माहिती तपासत असतो. मुंबई-दिल्लीबद्दल काही चुकीचं छापलं तर शंभर जण लगेच हटकतात. चिपी, जळगाव, नांदेड, गोंदिया यांच्याबद्दल चुकीचं छापलं तर ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी उतरतं, तिथून बातमीत जातं, आणि मग मूळ ठिकाणी त्याच बातमीचा पुरावा म्हणून दाखला दिला जातो. पाच ठिकाणी तोच आकडा दिसला म्हणून आपण विश्वास ठेवतो, पण पाचही जणांनी एकाच वहीतून उतरवलेलं असतं. म्हणून मी किती जणांनी लिहिलंय हे मोजत नाही. हा आकडा मुळात कुणाच्या ताब्यातला, कोणत्या दिवसाचा आणि काय मोजून काढलेला, एवढं शोधतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी सोपं आहे. विमानतळाची जी माहिती वैमानिक वापरतो ती एका सरकारी दस्तऐवजात असते. त्याला एआयपी म्हणतात, म्हणजे हवाई वाहतुकीची अधिकृत माहिती पुस्तिका. आपल्याकडे ती भारतीय विमानतळ प्राधिकरण प्रकाशित करतं आणि ती इंटरनेटवर बघता येते. तिच्यात प्रत्येक विमानतळाचं स्वतंत्र प्रकरण असतं: जागा, समुद्रसपाटीपासूनची उंची, धावपट्टीची लांबी-रुंदी, दिवे, कामाच्या वेळा, आसपासचे अडथळे. तिच्यातले महत्त्वाचे बदल जगभर एकाच ठरलेल्या चक्रात लागू होतात, दर २८ दिवसांनी आणि नेहमी गुरुवारी. मधल्या काळात धावपट्टीची दुरुस्ती निघाली, दिवा बंद पडला, तर त्यासाठी नोटॅम काढतात, म्हणजे वैमानिकांसाठीची सूचना. त्यामुळे गेल्या वर्षी उतरवून ठेवलेली एआयपीसुद्धा आजचा पुरावा होत नाही. ती त्या दिवसाचा पुरावा असते.

पण एआयपी सगळ्याची मालक नाही. विमानतळाचा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देतं, तेव्हा परवान्याची माहिती तिथे बघायची. महिन्याला किती प्रवासी आले-गेले याचे तक्ते विमानतळ प्राधिकरण काढतं. विमान किती वाजता सुटतं हे फक्त विमान कंपनी सांगू शकते. आणि गाव कोणत्या तालुक्यात आहे ते महसुली नोंद सांगते.

हे शेवटचं अनेकांना क्षुल्लक वाटतं, मला वाटत नाही. चिपी वेंगुर्ला तालुक्यात आहे. कित्येक ठिकाणी 'मालवणचा विमानतळ' असं वाचायला मिळतं, कारण पर्यटकाला मालवण माहीत असतं. नकाशावर सरळ रेघ ओढली तर मालवण खरोखरच जवळ, दहाएक किलोमीटरवर आहे. पण मध्ये कर्लीची खाडी आहे, आणि रिक्षा सरळ रेघेवरून जात नाही. अंतराचा आकडा दिसला की तो रस्त्याचा आहे की पक्ष्याचा, हे विचारायलाच हवं. शिर्डीचंही असंच. नाव शिर्डी विमानतळ आणि शिर्डी राहाता तालुक्यात, पण विमानतळ आहे काकडी गावात, तालुका कोपरगाव. त्यातून जिल्ह्याचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. जुन्या लेखात अहमदनगर दिसलं तर ती त्या लेखकाची चूक नव्हे, तो लेख त्या काळचा आहे एवढंच.

आता कोडबद्दल. इथे मी स्वतः एकदा घसरणार होतो. प्रत्येक विमानतळाला सहसा दोन कोड असतात. एक तीन अक्षरी, तिकिटावर आणि बॅगेच्या चिठ्ठीवर दिसणारा. दुसरा चार अक्षरी, वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रणाच्या वापरातला. चिपीचा तीन अक्षरी कोड एसडीडब्ल्यू आणि चार अक्षरी व्हीओएसआर. चार अक्षरी कोडला एक रीत असते. पहिली दोन अक्षरं भाग सांगतात: मुंबईच्या बाजूला 'व्हीए', चेन्नईच्या बाजूला 'व्हीओ', दिल्लीकडे 'व्हीआय', कोलकात्याकडे 'व्हीई'. कोल्हापूर व्हीएकेपी, शिर्डी व्हीएएसडी, पुणे व्हीएपीओ, नांदेड व्हीएएनडी. हे सगळं बघून झाल्यावर चिपीचा 'व्हीओ' समोर आला तेव्हा मला वाटलं, ही टायपिंगची चूक, महाराष्ट्रातला विमानतळ म्हणजे 'व्हीए'च हवा. दुरुस्त करायला हात पुढे गेलाच होता. मग शेजारच्या गोव्याकडे पाहिलं: दाबोळी व्हीओजीओ, मोपा व्हीओजीए. चिपी कोडच्या बाबतीत गोव्याच्या रांगेत बसतो. राज्याची सीमा आणि आकाशातली विभागणी एकच असावी असं कुठे लिहून ठेवलेलं नाही. नमुन्यात बसत नाही म्हणून एखादी गोष्ट चूक ठरवणं हा तपासणाऱ्याचा सगळ्यात मोठा धोका आहे, कारण तो बरोबर असलेलं बिघडवतो आणि वर समाधानाने झोपतो.

कोड सहसा बदलत नाहीत, शहरांची नावं बदलतात. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं तरी तिकिटावर आयएक्सयू तसाच आहे. मुंबई आजही बीओएम. नाशिकचं प्रकरण जरा गुंत्याचं. शहरातलं गांधीनगरचं जुनं विमानतळ, जिथे लष्कराच्या स्वतःच्या हवाई शाखेचं (आर्मी एव्हिएशनचं) प्रशिक्षण चालतं, आणि ओझरचं हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं विमानतळ, दोन्हींना लोक 'नाशिक विमानतळ' म्हणत आले आहेत. जुन्या मजकुरातला 'नाशिक विमानतळ' नेमका कोणता, हे ठरवल्याशिवाय त्यातला एकही आकडा पुढे न्यायचा नाही.

धावपट्टीचे आकडे मला सगळ्यात जास्त आवडतात, कारण ते घरबसल्या तपासता येतात. चिपीची धावपट्टी २५०० मीटर लांब आणि तिचं नाव ०९/२७. या जोडीचा अर्थ असा: होकायंत्रावरची दिशा जवळच्या दहावर आणायची आणि शेवटचं शून्य काढून टाकायचं. ०९ म्हणजे ९० अंश, तोंड पूर्वेला. उलट्या टोकाकडून निघालं तर २७०, तोंड पश्चिमेला. दोन्ही टोकं समोरासमोर असल्यामुळे या दोन आकड्यांत नेहमी १८ चा फरक पडतो. कोल्हापूर ०७/२५, फरक १८. मुंबईची दुसरी धावपट्टी १४/३२, फरक १८. कुठे ०९/२६ असं दिसलं तर पुढचं काहीही न बघता समजायचं की टाइप करताना बोट चुकलं. आपल्या भागात होकायंत्राची उत्तर आणि नकाशावरची उत्तर यांत फारच थोडा फरक असल्यामुळे उपग्रहाच्या चित्रावर धावपट्टीची दिशा डोळ्यांनीही पडताळता येते. चिपीची पट्टी लाल जांभ्याच्या सड्यावर पूर्व-पश्चिम आडवी पडलेली स्पष्ट दिसते. नकाशातल्या मोजपट्टीने या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजलं तर अडीच किलोमीटरच्या आसपास आकडा येतो.

लांबीत गोंधळ होतो तो दोन कारणांनी. पहिलं फूट आणि मीटर. विमानाच्या जगात उंची फुटांत सांगतात आणि धावपट्टी आपल्याकडे मीटरमध्ये. २५०० मीटर म्हणजे साधारण ८२०० फूट. कुणी '८२०० मीटर' लिहिलं तर पट्टी आठ किलोमीटरची होते, म्हणजे परुळ्याची हद्द ओलांडून कुठल्या कुठे. पुण्याच्या लोहगावची उंची ५९२ मीटर, म्हणजे १९४२ फूट. यातला एक आकडा दुसऱ्याच्या एककासह छापला की पुणे एकतर महाबळेश्वरच्याही वर जातं नाहीतर पार कोकणात उतरतं. ३.२८ ने गुणा किंवा भागा, लगेच कळतं.

दुसरं कारण जरा खोल आहे. 'धावपट्टीची लांबी' म्हणजे नक्की काय? डांबर किती लांब टाकलंय हा एक आकडा. विमानाला धावून उडायला किती लांबी वापरता येते हा दुसरा. मध्येच उड्डाण रद्द केलं तर थांबायला किती आहे हा तिसरा, आणि उतरण्यासाठी किती मिळते हा चौथा. एका टोकाला टेकडी, झाडं किंवा इमारती असतील तर विमानाला थोडं आत येऊनच टेकावं लागतं. तिथे पट्टीवर पांढरे बाण रंगवलेले असतात. डांबर तेवढंच राहतं, पण उतरण्यासाठीची लांबी कमी होते. हे चार आकडे एआयपीत वेगवेगळ्या रकान्यांत असतात. दोन लेखांत दोन लांब्या दिसल्या की एक जण खोटं बोलतोय असं लगेच धरू नये, दोघांनी वेगवेगळा रकाना उतरवलेला असू शकतो.

त्यात भर पडते ती विस्ताराच्या बातम्यांची. कोल्हापूरच्या उजळाईवाडीची जुनी पट्टी १३७० मीटरची, आणि विस्ताराचं उद्दिष्ट २३०० मीटर. काम टप्प्याटप्प्याने होतं: जमीन मिळते, डांबर पडतं, तपासणी होते, मग ती लांबी वापरायला खुली होते आणि एआयपीत चढते. या प्रत्येक टप्प्यावर बातमी येते आणि प्रत्येक बातमीत आकडा वेगळा. 'होणार', 'झाली' आणि 'वापरात आली' या तीन क्रियापदांकडे नीट लक्ष दिलं तर अर्धी भांडणं मिटतात. हा नुसता कागदी काटेकोरपणा नाही. पट्टीच्या लांबीवर ठरतं की तिथे सत्तर आसनांचं पंख्याचं एटीआर उतरणार की एकशेऐंशी आसनांचं एअरबस, आणि त्यावर ठरतं की कोल्हापूरच्या माणसाला कुठपर्यंत थेट जाता येईल.

अशीच गत 'विमानतळ कधी सुरू झाला' या प्रश्नाची. चिपीच्या बाबतीत मला तीन तारखा सापडल्या आणि तिन्ही खऱ्या निघाल्या. १२ सप्टेंबर २०१८ रोजी, गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी, चाचणी म्हणून एक लहान विमान गणपतीची मूर्ती घेऊन तिथे उतरलं. ५ मार्च २०१९ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि केंद्रीय मंत्री सुरेश प्रभू यांच्या हस्ते उद्घाटन झालं. आणि ९ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा उद्घाटन झालं, मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आणि केंद्रीय मंत्री नारायण राणे एकाच व्यासपीठावर होते, ज्योतिरादित्य शिंदे दूरस्थ पद्धतीने सामील झाले, आणि त्या दिवसापासून मुंबईहून तिकिटाचं विमान येऊ लागलं. प्रवाशाच्या दृष्टीने तिसरी तारीख खरी. परुळ्यातल्या ज्यांनी २०१८ ला सड्यावर उभं राहून पहिलं विमान उतरताना पाहिलं, त्यांना पहिलीच आठवणार. माझं म्हणणं एवढंच की तारीख लिहिताना त्या दिवशी काय घडलं ते सोबत लिहावं. मोपाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झालं आणि विमानं सुरू झाली ५ जानेवारी २०२३ ला. नुसतं 'मोपा २०२२ मध्ये सुरू झाला' म्हटलं तर ते अर्धवट राहतं. नांदेडबद्दल तर '२०१७ मध्ये विमानतळ सुरू झाला' असं मी वाचलंय. २०१७ च्या २७ एप्रिलला 'उडान' या लहान शहरं विमानाने जोडण्याच्या केंद्राच्या योजनेतल्या पहिल्या विमानांमध्ये नांदेड–हैदराबाद होतं हे खरं, पण विमानतळ त्याच्या कितीतरी आधीपासून होता, २००८ च्या शिखांच्या गुरु-ता-गद्दी सोहळ्यासाठी त्याचं मोठं नूतनीकरणही झालं होतं. सुरू झाली ती सेवा.

नावाचं पण असंच. २०२२ साली राज्य मंत्रिमंडळाने चिपी विमानतळाला बॅरिस्टर नाथ पै यांचं नाव देण्याच्या बाजूने निर्णय घेतला. नाथ पै वेंगुर्ल्याचे, त्यामुळे तिथल्या लोकांना त्याचं मोल वेगळं सांगायला नको. पण विमानतळाच्या नावाबाबतीत राज्याचा ठराव हा प्रस्ताव असतो, शेवटची मोहोर केंद्राची. मोपाला मनोहर पर्रीकरांचं नाव उद्घाटनाच्या दिवशीच जाहीर झालं होतं, तरी केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी आली ४ जानेवारी २०२३ ला. अशा वेळी मी लोकांच्या तोंडचं नाव, अधिकृत कागदावरचं नाव आणि प्रस्तावित नाव तिन्ही वेगवेगळी लिहून ठेवतो. मालक कोण हेही असंच उलगडून लिहावं लागतं. सगळे विमानतळ प्राधिकरणाचे असतात असं समजून लिहिणारे खूप. कोल्हापूर प्राधिकरणाकडे आहे. शिर्डी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे आहे, जी राज्य सरकारची. चिपी एमआयडीसीमार्फत खासगी कंपनी आयआरबीने बांधला आणि चालवायलाही घेतला. पुण्यात धावपट्टी हवाई दलाची आणि टर्मिनल प्राधिकरणाचं.

प्रवाशांच्या आकड्यांना साध्या गुणाकाराची कसोटी लावावी. आधी हे लक्षात घ्यायचं की येणारा आणि जाणारा दोन्ही मोजतात. मावशी गणपतीला गेली आणि परत आली तर चिपीच्या खात्यावर दोन प्रवासी. विमानाचंही तसंच, उतरलं की एक फेरी, उडालं की दुसरी. आता रोज एकच एटीआर येऊन जात असेल, आसनं ७०, वर्षाचे दिवस ३६५, तर एकही दिवस न चुकता आणि एकही आसन रिकामं न ठेवता वर्षाला जास्तीत जास्त ७० गुणिले २ गुणिले ३६५, म्हणजे ५१,१०० प्रवासी. तेवढ्याच सेवेवर कुणी 'वर्षाला दोन लाख प्रवासी' लिहिलं असेल तर त्याने बहुधा टर्मिनलची क्षमता प्रवासी म्हणून उतरवली आहे. क्षमता म्हणजे मावतील किती, प्रवासी म्हणजे आले किती.

आणि वर्ष कोणतं ते बघायचं. हे तक्ते आर्थिक वर्षाचे असतात, एप्रिल ते मार्च. चिपीची सेवा ९ ऑक्टोबरला सुरू झाली, म्हणजे २०२१-२२ या वर्षात तिच्या वाट्याला जेमतेम १७४ दिवस आले. पुढच्या पूर्ण वर्षाशी त्याची तुलना करून 'प्रवासी दुप्पट झाले' असं लिहिलं तर त्यातली बरीचशी वाढ कॅलेंडरची असते.

उरली वेळापत्रकं. मावशी ज्याने फसली ते हेच. विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्याशिवाय उडान योजनेत मार्गासाठी मिळणारं अनुदान साधारण तीन वर्षांचं असतं. ते संपलं की कंपनी त्या मार्गावर राहीलच असं नाही. म्हणून 'चिपीहून अमुक ठिकाणी रोज विमान आहे' हे वाक्य तारखेशिवाय कुठेही छापू नये असं माझं ठाम मत आहे. धावपट्टीचा जुना आकडा वाचून कुणाचं फारसं बिघडत नाही. जुनं वेळापत्रक वाचून म्हातारं माणूस सणाच्या तोंडावर अडकतं.

त्या पानाच्या संपादकांना मी दोन ओळी लिहून पाठवल्या. रेखांश ७३.३२ नव्हे तर ७३.५३, सोबत भागाकार आणि एआयपीचं पान. विमानाच्या ओळीपुढे 'या तारखेला पाहिलेलं' असं लिहायची विनंती केली. आठवड्याभरात खूण समुद्रातून उचलून सड्यावर आणली गेली. तारीख अजून पडलेली नाही, मी पुन्हा लिहिलंय. मावशीला त्या वर्षी कोकणकन्येचं खालचं बर्थ मिळालं, कुडाळला भाचा गाडी घेऊन उभा होता.